तीन पावसाळ्यांनंतर: किचन-वॉर्डरोबचा प्लाय, सागवान आणि फिनिश, आमचा अनुभव

किचन आणि दोन वॉर्डरोब करून घेतले त्याला आता तीन पावसाळे झाले म्हणून लिहितेय, काम झाल्या झाल्या सगळंच छान दिसतं, तेव्हा लिहून काय उपयोग. घर कोल्हापुरात फुलेवाडीकडं, ग्राउंड फ्लोअर, जुलैत एका भिंतीला ओल धरतेच आणि कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तर हे सगळं त्या हिशोबानं वाचा.

याच्या आधी एका मोठ्या शोरूममधनं रेडीमेड मॉड्युलर किचन घेतलेलं, नाव घेत नाही. पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा गोंदानं दाबून केलेला बोर्ड) होतं हे नंतर कळलं. दोन वर्षांत सिंकखालचं कपाट फुगलं, वरनं सनमायका एकदम नवा आणि खालची कडा भिजलेल्या पावासारखी, बोट लावलं की भुगा. बघितलं तर सिंकसाठी जिथं कापलं होतं तिथली कडा तशीच उघडी ठेवलेली, ना पट्टी ना काही. तेव्हापासनं मी एकच गोष्ट धरून आहे, पाणी पुढनं येत नाही, कडेनं येतं. शोरूममध्ये आपण शटरचा, म्हणजे कपाटाच्या दाराचा, रंग बघत बसतो, कडा कुणी बघत नाही.

दुसऱ्या वेळी ठरवलं की मिस्त्रींकडनंच करून घ्यायचं. उद्यमनगरातलं छोटं वर्कशॉप, बापलेक दोघं आणि दोन कारागीर. पहिल्याच दिवशी मोठे मिस्त्री म्हणाले, "ताई, दुकानदाराचं बी ऐकू नका आन् माझं बी, प्लायचे तुकडे घरी न्या आन् पातेल्यात उकळा." आम्ही खरंच उकळले. तीन तुकडे, एक एमआर, एक बीडब्ल्यूआर म्हणजे बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट (या दोन्हींवर आयएस 303 हा भारतीय मानकाचा नंबर लिहिलेला असतो) आणि एक मरीन, आयएस 710. सकाळी गॅसवर ठेवले, एमआरचे थर दुपारपर्यंत सुटून पानं वेगळी झाली, बाकीचे दोन तसेच घट्ट. आता एमआर म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट, नाव ऐकून माणसाला वाटतं पाण्याला चालेल, पण तो फक्त हवेतल्या दमटपणापुरता, त्यातला गोंद उकळत्या पाण्यात टिकत नाही. 710 ला लॅबमध्ये 72 तास उकळून बघतात. आणि लाल-काळ्या गोंदाच्या रेषा दिसल्या म्हणजे मरीन असं दुकानात सांगतात त्यावर जाऊ नका, रंग मिसळता येतो, पातेलं खरं बोलतं.

मग आम्ही असं केलं. सिंकखालचं आणि गॅसखालचं कपाट 710, बाकी खालचे बॉक्स बीडब्ल्यूआर, बेडरूममधल्या कोरड्या भिंतीचा वॉर्डरोब मात्र एमआर, तिथं उगाच पैसे घालण्यात अर्थ नव्हता आणि तो आजही ठणठणीत आहे. सगळं 18 एमएम, सगळ्या कडांना एजबँड (कडेवर चिकटवायची प्लॅस्टिकची पट्टी), शटरला 2 एमएमचा, आणि सिंकचं कटिंग केलं तिथं आधी प्रायमर मग सिलिकॉन. बॉक्स जमिनीला न टेकवता 4 इंच पायांवर, पुढं काढता येणारी पट्टी. आत्यांनी (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) आधी नाक मुरडलं, खाली कचरा साठेल म्हणाल्या, पण आता दर पंधरवड्याला त्या स्वतःच पट्टी काढून झाडू फिरवतात आणि वाळवीची माती दिसते का तेही बघतात.

सागवानाबद्दल. मला सगळं किचनच सागवानी हवं होतं, कारण 2019 च्या महापुरात शाहूपुरी कुंभार गल्लीत मावशीच्या घरात पाणी होतं तेव्हा तिचं नवं टीव्ही युनिट आणि बेड लगदा होऊन टेंपोतनं गेले, आणि आजीचं सागवानी कपाट गाळ धुऊन, सावलीत महिनाभर वाळवून, परत पॉलिश मारून अजून उभं आहे. पण मिस्त्रींनीच थांबवलं. अखंड लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, म्हणून जुन्या कपाटांच्या दारांना चौकट आणि मधे खाचेत नुसती बसवलेली फळी असते, गोंद न लावता, फळीला हलायला जागा. सपाट मोठं शटर अखंड सागवानाचं केलं तर वाकणार. तर सागवान आम्ही फक्त देवघर आणि जेवणघरातल्या काचेच्या कपाटाच्या चौकटीला वापरलं. वखारीत घनफुटावर भाव सांगतात, पण भावाआधी बघायचं ते आतलं सोनेरी-तपकिरी लाकूड किती आणि बाहेरचा पांढरट भाग किती, वाळवीला दाद देत नाही ते आतलं, पांढऱ्याला कीड लागते. आणि लाकूड वाळलेलं हवं, ओलं घेतलं तर सांधे सहा महिन्यांत उघडतात.

फिनिशमध्ये माझ्या दोन चुका झाल्या, त्या सांगते. पहिली, लॉफ्टसकट सात फुटी वॉर्डरोबचं शटर. पैसे वाचवायला मी म्हटलं आतनं सनमायका नको, नुसता रंग द्या. मिस्त्री नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. एका बाजूला 1 एमएम सनमायका आणि दुसरी बाजू मोकळी, ऑगस्टपर्यंत शटर धनुष्यासारखं वाकलं. दोन्ही बाजूंना सारखा ताण पाहिजे, आतनं पातळ लायनर (आतल्या बाजूला लावायचा कमी जाडीचा सनमायका) तरी पाहिजेच. ते शटर नवीन करावं लागलं आणि त्याचे पैसे मीच दिले, मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही.

दुसरी चूक पॉलिशची. देवघराचं काम जुलैत आलं आणि मला गणपतीआधी सगळं हवं होतं. बाहेर धो-धो पाऊस आणि आत स्प्रे, दुसऱ्या दिवशी पॉलिशवर पांढरट धुरकट थर, हवेतली वाफ ओल्या पॉलिशमध्ये अडकते म्हणून. घासून परत दिवाळीनंतर मारलं, तेव्हा कुठं सागवानाचा रंग उघडला. कोल्हापुरात पॉलिश किंवा पीयूचं (पॉलियुरेथेन, स्प्रेनं मारायचा रंग) काम पावसाळ्यात घेऊ नका, कितीही घाई असो.

किचनच्या खालच्या शटरना मॅट सनमायका घेतला, मध्यम राखाडी. काळा मॅट बघितला होता, दुकानातच बोटं उमटली. पांढरा घेतलेल्या वहिनीच्या घरी कांदा-लसूण मसाल्याचे आणि हळदीचे डाग, हळदीचे उन्हात उडतात म्हणे, पण किचनच्या शटरला ऊन आणायचं कुठनं. वरच्या शटरना एचडीएचएमआरवर (दाबून केलेला दाट, दमटपणा सोसणारा फायबर बोर्ड) पीयू केलं, दिसायला सगळ्यात देखणं तेच, चरा पडला तर परत स्प्रे होतो, पण बोर्ड प्लायपेक्षा जड, त्यामुळं उंच शटरला एक बिजागरी जादा लावावी लागली. ॲक्रिलिक मला झेपलं नाही, आरशासारखं चमकतं खरं पण घासणीचा एक चरा पडला तरी लगेच डोळ्यात भरतो.

मिस्त्रींचं काम वेळेवर झालं नाही, सांगितले पाच आठवडे, लागले नऊ. हिशोब मात्र चोख, उरलेला प्लाय आणि सनमायकाचे तुकडे सगळे आमच्याकडं ठेवले. परवाच सिंकखालची ट्रॉली काढून कडेवर बोट फिरवून बघितलं. कोरडी. एजबँड एका कोपऱ्यात अर्धा इंच सुटलाय, रविवारी धाकटे मिस्त्री येतायत चिकटवायला.