रक्तदाबासाठी ऑनलाइन माइंडफुलनेस वर्ग : आठ आठवड्यांनंतर

उच्च रक्तदाब असणाऱ्यांसाठीचा आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन माइंडफुलनेस वर्ग, म्हणजे चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याच्या ध्यानाचा वर्ग, मी नुकताच कोपरखैरणेत घरी बसून पूर्ण केला. माझी गोळी सहा वर्षांपासून चालू आहे आणि ती परस्पर बंद करू नये, हे वर्गात पहिल्याच दिवशी बजावले गेले, याबद्दल शिक्षकांना पूर्ण गुण.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या कार्यक्रमाच्या धर्तीवर हा वर्ग बेतलेला आहे : दर आठवड्याला अडीच तासांचे सत्र, रोजचा पाऊण तासाचा सराव आणि मध्ये एक दिवस मौन. इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस केलेल्यांना त्यातले श्वासाकडे पाहणे नवे वाटणार नाही.

पहिल्या सत्रात एकच मनुका न्याहाळून, हुंगून, जिभेवर घोळवून खायला लावली, तेव्हा मला तो पोरखेळ वाटला होता. तिसऱ्या आठवड्यात वरणभातासोबत दुसरा पापड मोडत असताना डावा हात आपसूक लोणच्याच्या बरणीकडे निघालेला दिसला आणि त्या मनुकेचे प्रयोजन कळले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. माझा तेवढा वाटा बहुधा दुपारच्या जेवणातच संपत असे. दुर्दैवाने मीठ, चालणे आणि वेळेवर गोळी हा सगळा विषय शिक्षकांनी एकाच सत्रात उरकला. वर्गाच्या नावात रक्तदाब असताना हे खटकते.

त्याहून खटकले ते मोजमाप. काही जण ध्यान संपताच यंत्र लावून कमी आलेला आकडा गटावर टाकत आणि त्यांचे कौतुक होई. वास्तविक पाच मिनिटे स्वस्थ बसून, पाठ टेकून, पावले जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, रोज ठरावीक वेळी घेतलेल्या नोंदींचीच तुलना करता येते. माझा सकाळचा वरचा आकडा १४८ च्या आसपासून १३८ पर्यंत आला खरा, पण त्याच काळात लोणचे सुटले आणि चालणे वाढले, त्यामुळे श्रेय नेमके कोणाला द्यावे हे सांगता येत नाही.

सहा हजार रुपये घेऊनही सूचनांची ध्वनिमुद्रणे फक्त इंग्रजीत होती आणि वर्ग संपल्यावर पंधरा दिवसांत तीही बंद झाली. आता मुलीने त्याच सूचना मराठीत वाचून फोनवर भरून दिल्या आहेत. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या सुरू होण्याआधी मी त्या लावून बसतो.