बॅटवर लेझरनं लोगो: 10 वॉटच्या डायोड मशीनचा सात महिन्यांचा अनुभव

हातानं घडवलेल्या काश्मीर विलो आणि इंग्लिश विलोच्या बॅटी, शिवाय टेनिस बॉलच्या स्कूप बॅटी, एवढ्यांवर हे मशीन सात महिने चाललं. मशीन साधंच आहे: उघड्या फ्रेमचं, निळा लेझर किरण सोडणाऱ्या डायोडचं, 400 बाय 400 मिमी कामाची जागा. मशीनबद्दल तक्रार फारशी नाही. पण लोगो बिघडला तर दोष बहुतेक वेळा लेझरचा नसतो, बॅट कशी बसवली त्याचा असतो.

उघड्या फ्रेमचंच का, तर बॅटची लांबी. नियमानुसार ती 965 मिमीपर्यंत जाते. छोट्या बंद सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेझरच्या) मशीनमध्ये ती मावतच नाही. इथे बॅट फ्रेमखालून आरपार ठेवता येते, मात्र मूळ पायांवर नाही. 2017 पासूनच्या नियमात फळीची जाडी 67 मिमीपर्यंत चालते. त्यात बॅट ज्यावर टेकवायची त्या लाकडी पाळण्याची उंची मिळवली की फ्रेम 80 ते 90 मिमी उचलावी लागते. चार लाकडी ठोकळे पुरतात, पण चारही एकाच मापाचे हवेत आणि फ्रेमला स्क्रूनं पक्के हवेत. नुसते खाली सरकवले तर लेझरचं हेड वेगात वळताना फ्रेम हलते.

आता मुख्य भानगड. बॅट पालथी ठेवली की ती टो (बॅटचं खालचं टोक) आणि खांद्याकडे टेकते, मधे पोकळी राहते, आणि समोरची बाजू आडवी किंचित फुगीर असल्यानं ती डावी-उजवी डुलते. वरच्या बाजूला येतो तो स्पाइनपासून (पाठीच्या मधल्या उंच कण्यापासून) कडेपर्यंतचा उतार. लोगो त्या उतारावर कोरायचा असेल तर उतार आडवा सपाट आणावा लागतो. त्यासाठी फेल्ट लावलेले दोन लाकडी पाळणे, एक खांद्याखाली, एक टोच्या अलीकडे, आणि बाजूनं पाचरी. फोनमधली लेव्हल कोरायच्या जागेवर ठेवून पाचर सरकवायची. हाताची बॅट असल्यानं दोन बॅटी कधीच सारख्या बसत नाहीत. एकदा साचा केला आणि पन्नास बॅटी काढल्या, असं इथे होत नाही.

फोकसचा हिशेब सोपा आहे: खोली म्हणजे रुंदीचा वर्ग भागिले आठपट त्रिज्या. पाठीचा खोलगट भाग साधारण 120 मिमी त्रिज्येचा धरला, तर 40 मिमी रुंद लोगोत मध्य आणि कड यांत 1.7 मिमी फरक पडतो, 60 मिमी लोगोत तोच 3.75 मिमी होतो. आमच्या हेडला वरखाली एकेक मिमीपर्यंत रेघ धारदार येते, त्यापुढे जाड आणि फिकट. म्हणून 40 मिमीपर्यंत फोकस मधल्या उंचीवर धरून एका दमात काम होतं. त्याहून रुंद असेल तर लोगोचे दोन-तीन उभे पट्टे करायचे, प्रत्येकाचा फोकस वेगळा लावायचा. सांधा दोन अक्षरांच्या फटीत पाडा, अक्षरावर पडला तर लपत नाही. लेझर चालवायच्या लाइटबर्न सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लेयरला झेडची (हेड वरखाली करण्याची) वेगळी उंची देता येते, पण मशीनला मोटरवाला झेड हवा. आमच्याला नाही, म्हणून थांबून हातानं फोकस बदलतो. कंटाळवाणं आहे.

सेटिंग: इंग्लिश विलोवर 3000 मिमी प्रति मिनिट, 60 टक्के पॉवर, ओळींतलं अंतर 0.1 मिमी. काश्मीर विलो जास्त तपकिरी, त्यामुळे उठाव कमी दिसतो, तिथे 70 टक्के. 60 बाय 40 मिमीच्या भरीव लोगोला दहा मिनिटांच्या आसपास लागतात. विलोच्या शिरांत मऊ पट्टा खोल जळतो, कडक रेघ फिकट राहते. शिरांना आडवं स्कॅन केलं की हा फरक थोडा मिसळतो, पूर्ण जात नाही. देवनागरी संघनाव असेल तर आणखी गंमत: शिरोरेषा नेमकी शिरांना समांतर येते, आणि कडक रेघेवर पडली तर अर्धी गायब. शिरोरेषा किमान 1 मिमी जाड ठेवा, अक्षरं 6 मिमीपेक्षा लहान नकोत. अनुस्वार तर आधी भरून जातात.

धुराचे डाग ही सगळ्यांची तक्रार. कागदी मास्किंग टेप चालते, पण तिच्या कडा एकमेकांवर चढवू नका. जोड असेल तिथे दोन थर होतात आणि फिकट पट्टी उमटते. काढताना शिरांच्या दिशेनं ओढा, उलट ओढली तर विलोचे धागे उचलतात. आम्ही शेवटी टेप सोडून लाखेच्या पॉलिशचा पातळ हात देतो. तो पूर्ण वाळल्यावरच कोरायचं, कारण त्यात स्पिरिट असतं. नंतर मऊ ब्रशनं काजळी झाडून स्पिरिटच्या फडक्यानं पुसलं की पॉलिशबरोबर धूरही निघून जातो. जवसाचं तेल मात्र कोरून झाल्यावरच. तेल प्यालेल्या बॅटवर कोरलं तर धूर दुप्पट आणि अक्षरांभोवती पिवळं वलय.

कुठे कोरू नये, हेही महत्त्वाचं. समोरची बाजू नाही: तिथले तंतू दाबून कडक केलेले असतात, तो थर फोडला की चेंडूच्या माऱ्यानं सोलपटं निघतात. टोजवळ नाही, ओल तिथूनच शिरते. खांद्याखाली 8 ते 10 सेंमीवर पाठीचा भाग सगळ्यात बरा. आणि जुना स्टिकर किंवा समोरचा प्लास्टिकचा संरक्षक पत्रा असेल त्यावर लेझर अजिबात नको. त्यात पीव्हीसी असेल तर हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, माणसाला घातक आणि मशीनच्या लोखंडाला गंज.

सात महिन्यांत मशीनचं काय झालं? दर आठ-दहा बॅटींनंतर लेन्सवर तपकिरी थर जमतो आणि तीच सेटिंग फिकट येऊ लागते. हेड थंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवला की पूर्ववत. चौथ्या महिन्यात उभ्या कडा दुहेरी दिसू लागल्या, बेल्ट ढिला होता. कोरताना धूर उडवणारा एअर पंप वेगळा घेतला, मूळचा फुंकर घातल्यासारखाच. पावसाळ्यात ओली हवा प्यालेल्या बॅटवर तोच लोगो फिका येतो. उन्हात वाळवू नका, तडे जातात. दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत राहू द्या.

हे मशीन महिन्याला वीस-तीस बॅटी करणाऱ्याला पुरतं. रोज पन्नास असतील तर गॅल्व्हो हेडचं (आरशांनी किरण फिरवणारं) सीओटू बघा, वेगात तुलनाच नाही. आखाड्याच्या मुदगलासाठी मात्र रोटरी जोड (वस्तू गोल फिरवणारी) लागते. निमुळत्या मुदगलाचा व्यास जागोजागी वेगळा, त्यामुळे लोगो ज्या जागी येणार तिथला घेर टेपनं मोजून तोच आकडा भरायचा. हातमुठीकडचा घेर टाकला तर अक्षरं ताणली जातात.