सात महिने ‘ऑब्स्क्युरा’च्या संगतीत (आणि सोबतीला आणखी चार अल्बम)

पहिल्या आठवड्यातच हा अनुभव लिहायला बसलो असतो तर एका ओळीत संपला असता: सकाळी आमराईत फिरताना ‘ऑब्स्क्युरा’ हा मेटलचा अल्बम ऐकू नका, समोरून येणाऱ्याला वाटतं या माणसाचं काहीतरी दुखतंय. माझा चेहराच तसा व्हायचा. आज सात महिने झालेत. दुखणं गेलेलं नाही, पण आवडायला लागलंय.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. वय ४६. मेटल, म्हणजे कर्कश गिटारींचं जोरकस रॉक, मला अगदीच परकं नव्हतं. कॉलेजात मेटालिका आणि आयर्न मेडन या बँडच्या कॅसेटी हातोहात फिरायच्या. माझ्याकडच्या उरलेल्या कॅसेटी २०१९ च्या महापुरात गेल्या, त्यांच्याबरोबर तो नादही गेला असं समजून चाललो होतो. त्याच्या पुढचं जे टोकाचं मेटल, घशातून गुरगुरणारे गायक आणि शिलाई मशीनसारखे धावणारे ड्रम, ते मी कधीच ‘पोरांचा दंगा’ या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो.

दिवाळीत भाचा पुण्याहून आला. त्यानं पाच अल्बम फोनमध्ये भरून दिले आणि अट घातली. “मामा, प्रत्येक अल्बम दहा वेळा ऐका. दहाच्या आत मत द्यायचं नाही.” अट मला पटली. सौद्यात ढिगाकडे नुसतं लांबून बघून कोणी बोली लावत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतात.

सुरुवात केली डेमिलिचच्या ‘नेस्पिथे’पासून. फिनलंडचा बँड, १९९३ चा अल्बम, आणि स्टुडिओतला पूर्ण अल्बम असा एवढा एकच. नावाची अक्षरं हलवली की इंग्रजीत ‘द स्पाइन’, म्हणजे पाठीचा कणा, होतं. हे भाच्यानं सांगितलं तेव्हा मी कागदावर मांडून तपासलं. गायकाचा आवाज असा की आडात बसलेला बेडूक सावकाश ढेकर देतोय. त्या आवाजावर कसलंही यंत्र वापरलेलं नाही, हे त्यांना अल्बमबरोबर मुद्दाम छापावं लागलं. आमच्या घरी तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला, “अहो, त्या माणसाला आडुळशाचा काढा तरी द्या.” सहाव्या-सातव्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी त्याचे शब्द शोधतोय आणि तिथंच चुकतोय. त्याला पखवाजाची धुम समजून ऐकायचं, कणीक लावल्यावर घुमते ना, तशी. मग वरून गिटारी कुठं सरपटत निघाल्यात ते दिसायला लागतं. वळण कधी घेतील याचा नेम नाही, पण वळल्यावर वाटतं, इथूनच तर जायला हवं होतं. चांगला आहे. वर्षातून चार वेळा पुरेल.

सिनिकचा ‘फोकस’ही १९९३ चाच, पण फ्लोरिडाचा. पाचांतला सगळ्यात सोपा, म्हणून त्याच्यावर फार लिहीत नाही. गुरगुरण्याच्या शेजारीच यंत्रातून काढलेला मुलायम, जवळजवळ रोबोसारखा आवाज गातो, आणि बेस असा काही वाहतो की जाझ ऐकणारे लोकही मान डोलावतील. यातला गिटारवाला पॉल मास्विडाल आणि ड्रमर शॉन राइनर्ट या दोघांनी १९९१ मध्ये ‘डेथ’ या बँडच्या ‘ह्यूमन’ या अल्बमवरही वाजवलंय, तोही मग मी आपणहून शोधून ऐकला. ‘फोकस’चं काम १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळामुळे लांबलं होतं, हे वाचल्यापासून माझा त्याच्यावर जरा जास्तच जीव आहे. महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेलेली बघितलेल्या माणसाचा असणारच.

आता मेशुगा. स्वीडनचे लोक, अल्बम ‘कॅच थर्टीथ्री’, साल २००५. कागदावर तेरा तुकडे, प्रत्यक्षात सत्तेचाळीस मिनिटांचं एकच सलग प्रकरण. पहिल्या दोन-तीन वेळा मला वाटलं फाइल बिघडलीय, एकच ओळ अडकून वाजतेय. मग एका रविवारी गच्चीवर पडून नुसतं बोटावर मोजत बसलो आणि घबाड हाती लागलं. झांज सरळ चार मात्रा मोजत असते, तिला कशाचं देणंघेणं नाही. तिच्याखाली गिटार आणि पायाचे ड्रम भलत्याच मापाचा तुकडा फिरवत असतात. समजा चार मात्रांची आठ आवर्तनं घेतली आणि प्रत्येक मात्रेचे चार भाग केले, तर १२८ भाग होतात. तुकडा आहे २५ भागांचा. तो पाच वेळा वाजला की १२५ होतात, तीन उरतात. ते तीन कुठंतरी जिरवायचे आणि सगळ्यांनी मिळून धाडकन समेवर यायचं. आमच्याकडे तबल्याच्या साथीला ‘वा’ म्हणणारे जे कान आहेत त्यांना हे समजायला अवघड नाही. अवघड आहे ते एवढ्याचसाठी की इथं कुणी तिहाई घेऊन आधी खूण करत नाही. सम येऊन गेल्यावर कळतं. गंमत म्हणजे या अल्बमवर ड्रम कुणी बसून वाजवलेले नाहीत, संगणकावर रचलेत. कळल्यावर थोडा हिरमुसलो, नंतर सोडून दिलं. रचना माणसाचीच आहे.

एक इशारा. हा अल्बम लावून हिशेब करू नका. मार्चमध्ये सौदे जोरात असताना मी एका शेतकऱ्याच्या पट्टीत एक शून्य जास्त मारलं. तोलाई-हमाली वजा करून आलेला आकडा बघून त्यानंच हसत कागद परत केला. तेव्हापासून दुकानात मेटल बंद.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो. गॉरगट्स, कॅनडातल्या क्वेबेकचा बँड, ‘ऑब्स्क्युरा’, १९९८. साधारण तासाभराचा. खरं सांगायचं तर पहिले सहा प्रयत्न वाया गेले. एकदाही पुरा ऐकला नाही. दोन गिटारी एकमेकींना कापत जातात, तारांमधून दार करकरल्यासारखे, टायर घासल्यासारखे आवाज निघतात, दोघं जण आळीपाळीनं जीव तोडून ओरडतात, आणि ड्रम या सगळ्याला आधार देण्याऐवजी आणखी उचकवतो. डिसेंबरच्या शेवटी भाच्याला फोन करून म्हटलं, “हे काय पचत नाही बघ मला.” तो म्हणाला, “किती झाले?” सहा म्हटल्यावर म्हणाला, “चार राहिलेत की मग.”

जानेवारीत वडिलांचा तंबोरा घेऊन मिरजेला गेलो. वडील गेल्यापासून तो खुंटीला होता, बहिणीच्या मुलीला शिकायला हवा होता. मिरजेतल्या तंतुवाद्याच्या गल्लीची गोष्ट सांगलीकरांना नवी नाही: दीडेकशे वर्षांपूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातून हा धंदा उभा राहिला. कारागिरानं विचारलं, “जवारी खुली काढू की बंद?” आणि घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिच्यावर, कानस फिरवायला लागला. जवारी म्हणजे तारेचा तो गुंजणारा झंकार. दोन-चार घासे मारायचे, तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, पुन्हा उतरवायची. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला किंचित उतार असतो. थरथरणारी तार त्या उताराला घासत राहते आणि त्या घासण्यातून स्वराच्या वरचे स्वर बाहेर पडतात. मधे सुताचा दोरा सरकवला की तार एकदम बोलायला लागते. दोरा काढला तर तीच तार टप्प करून मरते. म्हणजे ज्याला आपण तंबोऱ्याचा गोडवा म्हणतो तो मुळात एक हिशेबात बसवलेला खरखराट आहे.

गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करतात, त्या डिस्टॉर्शनमध्ये दुसरं काय होतं? आवाजाच्या लाटेची टोकं छाटली जातात आणि छाटल्यामुळे वरचे स्वर उसळून येतात. एकच स्वर असेल तर तो भरदार होतो. दोन अगदी शेजारचे स्वर एकदम वाजवले तर ते वरचे सगळे स्वर एकमेकांवर आदळतात आणि आवाज दातांत खडा आल्यासारखा लागतो. बाकीचे बँड हे टाळतात. ‘ऑब्स्क्युरा’वाल्यांनी तो खडाच उचलून समोर ठेवलाय. जवारी काढणारा माणूस जिथं थांबतो, तिथून हे पुढं घासत गेलेत.

त्या दिवशी सांगलीला परत येताना बसमध्ये सातव्यांदा लावला. एकदम उजेड पडला असं काही झालं नाही. पण पहिल्यांदाच मी पळून जायच्या ऐवजी बघत राहिलो: आता या दोन गिटारी किती जवळ येतायत, आता कुठं सुटतायत. नवव्या वेळी ‘क्लाउडेड’ नावाचं लांबलचक संथ गाणं आलं. बाकी अल्बम धावत असतो, हे एकटं ओझं ओढत चालतं. तिथं मी गच्चीवर उभा राहिलो तो संपेपर्यंत हललो नाही.

मग सौद्यांचा हंगाम. दीड महिना काहीच ऐकलं नाही. एप्रिलअखेर सहज लावला तर पुढची ओळ माझ्या डोक्यात आधीच तयार होती. जे संगीत मला गोंधळ वाटत होतं ते पाठ झालेलं होतं. अशा प्रकारचा आनंद मला गेल्या वीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या नव्या संगीतानं दिलेला नाही. सोपी गाणी पहिल्या दिवशी सगळं देऊन टाकतात आणि महिन्यात चोथा होतो. हा अल्बम उलट्या बाजूनं चालतो. यातली बरीच गाणी १९९८ च्या कितीतरी आधी तयार होती, पण आधीच्या रेकॉर्ड कंपनीनं बँडला सोडल्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिली होती. ल्यूक लेमे हा त्यांचा म्होरक्या पुढं संगीतरचना रीतसर शिकला, आणि सुतारकामही करतो म्हणे. कानसवाला माणूस, मला वाटलंच होतं.

ब्लड इन्कँटेशन या बँडचा ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ हा यादीतला सगळ्यात नवा, २०२४ चा. दोनच गाणी, प्रत्येक वीस मिनिटांच्या वर. मधेच मेटल विरघळून जुन्या जर्मन सिंथेसायझरच्या संगीतात जातं. रेकॉर्डिंगही बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झालंय आणि टँजरिन ड्रीम या तसल्याच जुन्या जर्मन बँडमधला एक वादक त्यात आहे. ऐकायला अत्यंत सुखद. माझी तक्रार हीच आहे. जोड फार गुळगुळीत आहेत, कुठंच बोट कापत नाही. भाचा यावर भांडतो. त्याच्या मते ‘ऑब्स्क्युरा’नं माझी जीभ बधिर केलीय, तिखटाशिवाय चव लागत नाही मला. असेल. पण नवख्या माणसानं इथूनच सुरुवात करावी हेही खरं. फक्त जाहिरातींचं फुकट ॲप वापरू नका. ऐन शांत जागेत मला गृहकर्जाची जाहिरात ऐकू आली.

वापराबद्दल थोडं. माझे पहिले स्वस्तातले इअरफोन खालचा आवाज इतका फुगवायचे की मेशुगाचा नुसता चिखल व्हायचा. कान पूर्ण झाकणारा साधा वायरवाला हेडफोन घेतल्यावर फरक पडला. आवाज मोठा करायची हौस पहिल्या महिन्यात फिटली, कारण रात्री कानात शिट्टी वाजायला लागली. आता निम्म्यावर ठेवतो, आणि उलट जास्त ऐकू येतं. जेवणानंतर लगेच नको. गाडी चालवताना तर नकोच.

सगळंच घ्यावं असंही नाही. १९९० च्या दशकातल्या नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांतल्या काहींनी चर्च जाळली, खून केले. संगीत कितीही कल्पक असलं तरी ते अजून मला जमलेलं नाही, भाच्याला तसं सांगून ठेवलंय. आणि या पाचही अल्बमांतले शब्द मला जवळजवळ कळलेले नाहीत. कागद पुढं घेऊन वाचले, पण त्यानं आवडीत भर पडली असं म्हणवत नाही.

गेल्या आठवड्यात तंबोऱ्याची एक खुंटी सरकायला लागली म्हणून पुन्हा मिरजेला गेलो होतो. हेडफोन गळ्यातच होता. कारागिराचा हाताखालचा पोरगा म्हणाला, “काका, काय ऐकायलाईसा बघू.” त्याला ‘क्लाउडेड’ लावून दिलं. पोरगं डोळे मिटून दोन मिनिटं ऐकत होतं, मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणालं, “जवारी झकास उघडलीय. वाद्य तेवढं जुळवायचं राहिलंय.”