यकृतातल्या गाठी: सीटी की एमआरआय?
नागपूरच्या धंतोलीत, दवाखान्यांच्या भागात, फाइल घेऊन फिरणाऱ्या नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न: सीटी झालाय, मग एमआरआय कशाला?

सीटी काही मिनिटांत छाती-पोट-ओटीपोट एकदमच दाखवतो. भंडारा-गोंदियाहून आलेल्या थकलेल्या पेशंटला तोच झेपतो. पण १ सेंटिमीटरहून लहान गाठीपाशी तो अडखळतो.

एमआरआयमध्ये यकृताच्या पेशी शोषून घेतील असं खास कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देता येतं. सुमारे २० मिनिटांनी निरोगी यकृत उजळतं. दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरच्या गाठीत त्या पेशीच नसतात, म्हणून ती काळी उठून दिसते. क्ष-किरणही नाहीत. मात्र बराच वेळ मशीनच्या नळीत निपचित पडायचं, सांगितलं की श्वास रोखायचा. म्हाताऱ्या माणसाचं कठीणच!

यकृताचं ऑपरेशन ठरत असेल, तर एमआरआयचा खर्च मी टाळणार नाही. केमोचा परिणाम पाहायला बहुतेकदा सीटी पुरतो.