नांदेडचे जुन्या पुस्तकांचे दुकान आणि तीन नामदेव

नांदेडमधील या जुन्या पुस्तकांच्या दुकानात पुस्तके विषयानुसार नव्हे, तर लेखकाच्या पहिल्या नावानुसार सुतळीने बांधून ठेवलेली असतात, आणि त्यामुळे ‘नामदेव’ अशी चिठ्ठी लावलेल्या एकाच गठ्ठ्यात मला संत नामदेवांची गाथा, विष्णुदास नामा यांच्या महाभारताची विटलेली प्रत आणि नामदेव ढसाळ यांचा १९७२ सालचा कवितासंग्रह ‘गोलपिठा’ एकत्र सापडले. पहिल्या दोघांची गल्लत मात्र दुकानदाराने केलेली नाही. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांचे अभंग संत नामदेवांच्या गाथेत मिसळले गेले असून ते वेगळे काढण्यात अभ्यासकांची कित्येक वर्षे गेली. परंपरेने हिंगोलीजवळच्या नरसीचे मानले जाणारे संत नामदेव (१२७०–१३५०) गुरू ग्रंथसाहिबातही आहेत, हे या गुरुद्वाऱ्याच्या शहरात कुणाला सांगावे लागत नाही.

भाव वाजवी आहेत. माझ्या गाथेची शेवटची आठ पाने मात्र गायब निघाली, तेव्हा मालकांनी कुरकुर न करता निम्मे पैसे परत दिले. घाई असलेल्याने येथे जाऊ नये.