तत्त्वज्ञानाचा रविवारचा क्लास : साडेतीन स्टार, आणि अर्धा पार्किंगमुळे कापलाय

मी मोटर इन्शुरन्सचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, फोटो काढायचे, गॅरेजवाल्यानं फुगवलेलं इस्टिमेट खाली आणायचं आणि रिपोर्ट टाकायचा, सतरा वर्षं हेच चाललंय. तत्त्वज्ञानाशी आपला संबंध ट्रकच्या मागं लिहिलेलं असतं तेवढाच. पण मुलगी यंदा अकरावी आर्ट्सला गेली, तिनं तर्कशास्त्र घेतलं आणि एका रात्री जेवताना म्हणाली, बाबा, तुम्ही रिपोर्टमध्ये लिहिता ते सत्य असतं का नुसतं वैध असतं? मी म्हटलं दोन्ही एकच की. ती अशी काही हसली की त्याच आठवड्यात मी क्लास शोधला.

पुण्यात टिळक रोडच्या आतल्या गल्लीत, जुन्या बिल्डिंगचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. 'तत्त्वज्ञानाची तोंडओळख', आठ रविवार, सकाळी ८ ते १०, फी ३२०० रुपये आणि नोट्सचे दीडशे वेगळे. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात आणि मॅडमना उगाच त्रास नको. मॅडम रिटायर्ड प्रोफेसर, खडू-फळा, माइक नको म्हणतात आणि खरंच लागत नाही. बॅचला आम्ही बावीस जण, त्यात सात-आठ स्पर्धा परीक्षावाली पोरं (यूपीएससीला हा ऑप्शनल घेता येतो ना), तीन रिटायर्ड काका, हिंजवडीहून येणारी एक आयटीतली मुलगी, आणि बाकी माझ्यासारखे कुठून तरी दुखावलेले.

पहिला रविवार मला वाटलं फसलो. तत्त्वज्ञान म्हणजे काय, फिलॉसॉफी या ग्रीक शब्दाचा अर्थ शहाणपणाबद्दलचं प्रेम, आपल्याकडे दर्शन म्हणजे पाहणं, मग शाखांची नावं फळ्यावर : सत्ताशास्त्र, ज्ञानमीमांसा, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, सौंदर्यशास्त्र. पंख्याखाली बसून मी जांभया देत होतो. मग मॅडम सॉक्रेटिसवर आल्या. त्यानं स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही, अथेन्सच्या बाजारात लोकांना धरून विचारायचा की धैर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, समोरच्याला वाटायचं आपल्याला माहितीये आणि चार प्रश्नांत कळायचं की नाहीये, आणि शेवटी इसवी सनपूर्व ३९९ मध्ये लोकांनी खटला भरून त्याला विष प्यायला लावलं. एक काका म्हणाले, पुण्यात असता तर दुपारी एक ते चार वाचला असता. सगळा क्लास हसला आणि माझी झोप उडाली.

तर्कशास्त्र मॅडमनी खालच्या गेटवरच्या पाटीवर शिकवलं आणि इथंच माझे पैसे वसूल झाले. पाटी अशी : 'गेटसमोर गाडी लावल्यास चाकातली हवा सोडण्यात येईल.' हे जर-तर विधान. लावली हे पूर्वांग, हवा सोडली हे उत्तरांग. आता गाडी लावली असेल तर हवा गेली म्हणायला हरकत नाही, वैध. हवा गेलेली नाही, म्हणजे लावली नव्हती, हेपण वैध. पण हवा गेलेली आहे म्हणून गेटसमोर लावली होती म्हणालात तर चूक, पंक्चरही असू शकतं. आणि गंमत म्हणजे वॉचमन रजेवर असेल तर पाटीच खोटी, तरी त्या पाटीवरून काढलेला पहिला निष्कर्ष वैधच, कारण वैधता विधान कशातून कसं निघालं तेवढंच बघते, विधान मुळात खरं आहे का ते तुम्ही जाऊन तपासायचं. पोरीचा प्रश्न तिथंच सुटला. आणि मला घाम फुटला, कारण 'ड्रायव्हर झोपला असता तर गाडी अशीच डिव्हायडरवर गेली असती, गाडी गेलीये, म्हणून झोपला होता' असं मी आयुष्यात निदान पन्नासदा तरी मनात म्हटलं असेल. कधी कधी लिहिलंसुद्धा असेल. त्यात किती जण नुसते कुत्रं वाचवत होते कोण जाणे.

ज्ञानमीमांसेला दोन रविवार, आणि दोन्ही जबरदस्त. प्रश्न एवढाच की माहीत असणं म्हणजे काय. प्लेटोपासून चालत आलेलं उत्तर असं की तुमचा विश्वास हवा, तो खरा हवा आणि त्याला आधार हवा. मग १९६३ मध्ये एडमंड गेटियर नावाच्या माणसानं जेमतेम तीन पानांचा लेख लिहिला आणि दाखवून दिलं की तिन्ही गोष्टी असूनही ज्ञान नसू शकतं. मॅडम म्हणाल्या तुमचं उदाहरण द्या. मी दिलं. एका गाडीच्या बम्परला पिवळा रंग लागला होता, त्यावरून मी ठरवलं हिला पिवळ्या टेम्पोनं ठोकलंय. नंतर कळलं रंग सोसायटीच्या पिवळ्या खांबाचा, महिन्यापूर्वी रिव्हर्स घेताना घासलेला, पण त्या दिवशी खरंच पिवळ्या टेम्पोनंच ठोकलं होतं, त्याचा रंग मात्र लागलाच नव्हता. विश्वास होता, खरा होता, आधारही होता. मग मला माहीत होतं का? मॅडमनी खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, हे मी पुढच्या बॅचला वापरू का. वापरा की!

आपल्याकडची बाजू पण नीट घेतात, नुसते ग्रीक आणि जर्मन नाहीत. प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं, किती मानायची यावर इथं केवढी भांडणं झालीयेत. चार्वाक म्हणतो फक्त प्रत्यक्ष, बौद्ध प्रत्यक्ष आणि अनुमान, सांख्य त्यात शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं, घालतात, न्यायदर्शन उपमान, म्हणजे सारखेपणावरून ओळखणं, धरून चार करतं, आणि कुमारिल भट्टाची मीमांसा सहावर नेते. ती शेवटची दोन, अर्थापत्ती आणि अनुपलब्धी, ऐकून मी उडालोच, कारण माझा अर्धा धंदा त्यावर चाललाय. अर्थापत्तीचं जुनं उदाहरण असं की देवदत्त दिवसा जेवत नाही तरी लठ्ठ आहे, म्हणजे रात्री हाणत असणार. माझं उदाहरण : मालक म्हणतो अपघातापासून गाडी गॅरेजमधून हलली नाही, आणि मीटर स्पॉट सर्व्हेच्या फोटोपेक्षा ऐंशी किलोमीटर पुढे. अनुपलब्धी म्हणजे नसण्याचं ज्ञान. रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नाहीत, हे मी बघतो म्हणजे नक्की काय बघतो? 'नाही' दिसतं कसं? यावर काका आणि यूपीएससीवाली पोरं यांच्यात पंचवीस मिनिटं जुंपली, क्लास साडेदहाला सुटला, बायकोचे चार मिस्ड कॉल.

सत्ताशास्त्र म्हणजे काय काय आहे आणि जे आहे ते ते-च कशामुळे आहे. थिसियसचं जहाज तुम्ही ऐकलं असेल, प्लुटार्कनं सांगितलेलं : अथेन्सच्या लोकांनी जुनं जहाज जपून ठेवलं, कुजलेली फळी काढून नवी, असं करत करत सगळ्या फळ्या बदलल्या, मग जहाज तेच का? हॉब्जनं त्यात खुट्टी मारली की काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून दुसरं जहाज बांधलं तर खरं कुठलं? आता हे कोडं वाटत असेल ज्यांनी टोटल लॉस पाहिला नाही त्यांना. रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, भंगारवाला सॅल्व्हेज उचलतो, आणि वाईट लोक त्या गाडीचा चासी नंबर आणि कागद चोरीच्या सेम मॉडेलवर चढवतात. मी हे सांगितल्यावर वर्गात शांतता. आरटीओच्या दृष्टीनं चासी नंबर म्हणजे गाडी. पण मॅडमनी विचारलं, नंबर ही गाडीची ओळख आहे का गाडीच आहे? मग त्यांनी मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद काढला. राजा रथातून आला होता, नागसेन विचारतो चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, सगळ्याला नाही नाही म्हणत शेवटी राजाच कबूल होतो की या सगळ्यांच्या जोडणीला आपण व्यवहारात रथ म्हणतो. आणि नागसेन म्हणतो, माझंही तसंच, नागसेन हे नुसतं नाव. सोमवारी वाघोलीच्या एका यार्डात सुट्या पडलेल्या स्विफ्टसमोर मी जरा जास्तच वेळ उभा होतो, यार्डवाला म्हणाला साहेब तब्येत बरी आहे ना.

आता तक्रारी. नीतिशास्त्राची पार वाट लागली. ट्रॉलीचं कोडं घेतलं, फिलिपा फूट यांनी १९६७ च्या लेखात मांडलेलं, सुटलेली ट्रॉली पाच जणांवर जातीये, रूळ बदलला तर एकावर जाईल, बदलायचा का. झालं, एका काकांनी विषय थेट पीएमपीच्या बसच्या ब्रेकफेलवर नेला, दुसऱ्यांनी हेल्मेटवर, आणि मॅडमना ते आवरलंच नाही. बेंथम आणि मिलचा परिणाम बघणारा उपयुक्ततावाद, कांटचं कर्तव्य, ॲरिस्टॉटलचे सद्गुण, तिन्ही मिळून शेवटच्या वीस मिनिटांत. अहो, टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात बसून गीतेचं नीतिशास्त्र मिल आणि कांटसमोर उभं केलं, गीतारहस्य १९१५ ला छापून आलं, केसरीवाडा इथून चालत जाण्यासारखा, आणि त्याला फक्त एक वाक्य!

मला तिथं एक प्रकरण मांडायचं होतं ते राहूनच गेलं. एका माणसाची पॉलिसी रात्री बाराला संपली आणि अपघात पाऊण वाजता. टेम्पो त्याचा एकुलता एक, हप्ते चालू. म्हणाला साहेब, एक तास इकडचा तिकडं केला तर कुणाचं काय जातं. कांटला विचारलं तर प्रश्नच नाही, खोटं ते खोटं. बेंथमला विचारलं तर बसून हिशोब करावा लागेल, त्याच्या पोरांचा, कंपनीचा आणि उद्या असे तास सरकायला लागले तर सगळ्यांच्याच प्रीमियमचा. ॲरिस्टॉटल बहुतेक म्हणेल की तास सरकवणारा सर्व्हेअर हळूहळू कसा माणूस होत जातो ते बघ. मी पाऊणच लिहिलं होतं. त्याचं तोंड अजून आठवतं. दोन तासांत यातलं काही बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

सौंदर्यशास्त्र शेवटच्या रविवारी चाळीस मिनिटं, त्यात प्रोजेक्टर बंद, चित्रं मोबाइलवर फिरवली. राजकीय तत्त्वज्ञान सिलॅबसमध्ये छापलंय पण झालंच नाही. दीडशेच्या नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, 'प्रागनुभविक' असले शब्द आणि त्यांच्याखाली काहीच नाही, मुलीच्या पुस्तकात यापेक्षा सोपं लिहिलंय. फी कॅशच, यूपीआय नाही, का ते विचारू नका. पार्किंग तर विसराच, पी१ पी२ ची पाटी बघून आजची तारीख सम का विषम हे आठवेपर्यंत सवाआठ होतात आणि मॅडम बरोबर आठला सुरू करतात. बसनं या.

नुसतं ऐकायला येणार असाल तर पैसे वाया जातील, त्यापेक्षा घरी मोबाइलवर ऐका. इथली मजा स्वतःच्या धंद्यातलं काहीतरी मध्ये टाकण्यात आहे. आयटीवाली मुलगी सहा रविवार गप्प बसली आणि सातव्याला म्हणाली की कोड सगळा बदलला तरी ॲपचं नाव तेच कसं, तर मॅडमनी तिच्यासाठी अर्धा तास जहाज परत पाण्यात सोडलं. नास्तिक असाल, वारकरी असाल, दोघांनाही त्या सारखंच पिडतात, ती काळजी नको.

नवीन बॅच दिवाळीनंतर आहे. मी ज्ञानमीमांसेचे दोन रविवार परत बसू का म्हणून विचारलं, तर मॅडम म्हणाल्या फी नको, पिवळा टेम्पो घेऊन या, आणि खालच्या अमृततुल्यमधला सगळ्यांचा चहा तुमच्याकडे. बावीस कटिंग. इस्टिमेट काढून ठेवलंय.