आरएसटीपी, रॅपिड पीव्हीएसटी की एमएसटीपी?

स्पॅनिंग ट्री म्हणजे नेटवर्कच्या स्विचमध्ये जादा केबल असल्या तरी डेटा गोल गोल फिरू नये (लूप होऊ नये) म्हणून काही वाटा बंद ठेवणारी पद्धत. मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या, स्विचवर तिचा मोड निवडायचा असेल, तर जुना एसटीपी (स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल) आधी यादीतून काढून टाका. केबल तुटली की दुसऱ्या वाटेने वाहतूक सुरू व्हायला त्याला 30 ते 50 सेकंद लागतात. मानकं ठरवणाऱ्या आयईईई संस्थेने 2004 मध्ये मानकातच त्याच्या जागी आरएसटीपी आणला. खरी निवड उरते ती आरएसटीपी, रॅपिड पीव्हीएसटी आणि एमएसटीपी या तिघांत.

साधा आरएसटीपी सगळ्या व्हीलॅनसाठी (एकाच नेटवर्कचे पाडलेले वेगळे भाग) एकच झाड, म्हणजे चालू वाटांचा एकच नकाशा, बांधतो. वरच्या स्विचकडे जाणाऱ्या दोन केबल (अपलिंक) असल्या तरी एक नुसती राखीव पडून राहते. चार-पाच स्विचच्या ऑफिसात, त्यातही वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच असतील तर, मी डोळे झाकून हाच घेईन.

रॅपिड पीव्हीएसटी हा सिस्को कंपनीचा. प्रत्येक व्हीलॅनचं झाड वेगळं, त्यामुळे व्हीलॅन 10 चा रूट (झाडाचं मूळ असलेला स्विच) एका कोअर, म्हणजे मध्यवर्ती, स्विचवर आणि 20 चा दुसऱ्यावर ठेवला की दोन्ही अपलिंक कामाला लागतात. समजायला आणि लावायलाही सोपा. मात्र व्हीलॅन वाढले की स्विचवरचा भार वाढतो. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट 2960 स्विचवर अशी जास्तीत जास्त 128 झाडं चालतात. शिवाय मध्ये दुसऱ्या कंपनीचा साधा आरएसटीपीवाला स्विच आला, तर त्याला फक्त व्हीलॅन 1 चं झाड कळतं. बाकीच्या व्हीलॅनचे बीपीडीयू (स्विच एकमेकांना पाठवतात ते स्पॅनिंग ट्रीचे संदेश) तो न वाचता पुढे ढकलतो. मग कुठला पोर्ट का बंद झाला हे शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

एमएसटीपीत शंभर व्हीलॅन दोन-तीन झाडांत वाटून देता येतात, आणि तो सगळ्या कंपन्यांना चालतो. मोठ्या कॅम्पससाठी माझं मत यालाच. पण शिस्त हवी: रीजनचं (एकत्र चालणाऱ्या स्विचच्या गटाचं) नाव, रिव्हिजन नंबर आणि व्हीलॅनची वाटणी सगळ्या स्विचवर तंतोतंत सारखी लागते. एकावर फरक पडला की तो स्विच वेगळा रीजन धरला जातो. म्हणून व्हीलॅन क्रमांक 1 ते 4094 पर्यंतची सगळी वाटणी पहिल्याच दिवशी करून टाका; नवा व्हीलॅन आला तरी तिला हात लावावा लागत नाही.

मोड कुठलाही घ्या, रूट ब्रिज, म्हणजे रूट होणारा स्विच, मात्र स्वतः ठरवा. ज्याच्या प्रायॉरिटीचा आकडा सर्वांत लहान, तो रूट होतो. सगळ्यांची प्रायॉरिटी मूळची 32768 राहिली, तर सर्वांत लहान मॅक अ‍ॅड्रेसवाला (कारखान्यातून मिळालेला यंत्राचा क्रमांक) निवडून येतो, आणि तो बहुधा जिन्याखालच्या रॅकमधला सर्वांत जुना स्विच असतो. सगळी वाहतूक मग त्याच्याभोवती फिरते. प्रायॉरिटी 4096 च्या टप्प्यांत बदलते. मुख्य कोअरला 4096 आणि जोडीच्याला 8192 द्या.

पीसी, प्रिंटरचे पोर्ट एज म्हणजे पोर्टफास्ट (न थांबता लगेच चालू होणारे) करा. नाहीतर पीसी चालू झाल्यावर पोर्ट 30 सेकंद अडून बसू शकतो, नेटवर्कचे पत्ते वाटणारं डीएचसीपी थकतं आणि पीसीला खऱ्या पत्त्याऐवजी 169.254 ने सुरू होणारा पत्ता मिळतो. त्याच पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावा: कुणी टेबलाखाली स्वतःचा स्विच जोडला आणि त्याचा बीपीडीयू आला, की पोर्ट तिथल्या तिथे बंद. बीपीडीयू फिल्टर मात्र पोर्टवर थेट लावू नका. त्याने त्या पोर्टवर स्पॅनिंग ट्री जवळजवळ बंदच पडतो, आणि लूप झाला तर अडवायला कुणी उरत नाही.